जुनं सिंक पुन्हा बसवताना: देवगडच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडला आईच्या घरी कडप्प्याचा ओटा आहे. त्यात 1990 च्या दशकात वडिलांनी आणलेलं 24 बाय 18 इंचांचं स्टीलचं सिंक बसवलेलं आहे. ओट्याखाली पाणी टपकतं. गावचा मिस्त्री दरवर्षी कडेला पांढरं सिमेंट भरून जातो आणि चार महिन्यांत ते पुन्हा फुटतं. आता तो म्हणतोय की ओटा फोडून ग्रॅनाईट टाका, नवीन सिंक घ्या. आई म्हणते, सिंक बदलायचं नाही. आणि तुम्हाला हे सगळं गणपतीआधी उरकायचंय.

आईंचं बरोबर आहे. त्या काळचा पत्रा बहुतेक वेळा आजच्या स्वस्त सिंकपेक्षा जाड निघतो. बोटाने वाजवून बघा, डब्यासारखा खणखणला नाही तर ठेवण्यासारखा आहे. गणपतीआधी करायचं का, त्यावर खाली बोलतो. तिथे माझं मत तुम्हाला आवडणार नाही.

मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात मी पंचवीसेक वर्षं हीच कामं करतोय. बोलावणं येतं ते "सिंक गळतंय" म्हणून, पण निम्म्याहून जास्त घरांत सिंकची कड निर्दोष निघते. म्हणून सिलिकॉनची ट्यूब आणायच्या आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा. ओट्याखालचं सगळं बाहेर काढा, पुसून कोरडं करा आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. आधी तासभर काहीच करू नका. कागद तरीही भिजला तर ते नळाच्या जोडणीचं पाणी आहे, सिंकचा काही संबंध नाही. कोरडा राहिला तर भोकाला बूच लावून सिंक अर्धं भरा आणि अर्धा तास थांबा. आता मधोमध थेंब पडला तर वेस्ट कपलिंगचा, म्हणजे सिंकच्या भोकात बसवलेल्या निचऱ्याच्या तोंडाचा, रबरी वायसर गेला. वीस-पंचवीस वर्षांत तो खारकेसारखा कडक होतो. मग बूच काढून पाणी एकदम सोडा. या वेळी गळलं तर दोष खालच्या पाईपचा किंवा बॉटल ट्रॅपचा, म्हणजे पाणी साचवून वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भागाचा. हे सगळं पार पडलं की शेवटी तांब्याने फक्त कडेवर पाणी ओता, एकेक बाजू, मध्ये पाच-पाच मिनिटं सोडून. मागच्या बाजूला जरा जास्त वेळ द्या. नळाच्या बुडाशी साचलेलं पाणी मागच्या कडेने सरकत येतं आणि लोक उगाच पुढची कड भरत बसतात.

आपल्याकडे यात आणखी एक घोळ असतो. ओट्याच्या खालच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असतात आणि जांभा पाणी पितो. डाव्या कोपऱ्यात झिरपलेलं पाणी चिऱ्यातून फिरून उजवीकडे ओल दाखवतं. जुन्या घरांत गिलाव्याला किनाऱ्याची खारी वाळू वापरलेली असेल तर गळती थांबल्यावरही ती भिंत हवेतला दमटपणा ओढून ओलसर दिसत राहते. म्हणून भिंतीवरच्या ओलीवर विश्वास ठेवू नका, कागदावरच्या थेंबावर ठेवा.

समजा कडच दोषी निघाली. तुमच्या वर्णनावरून तीच असावी, कारण पांढरं सिमेंट फुटतंय म्हणताय. ते का फुटतं हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. भात वेळल्यावर उकळतं पाणी आपण सिंकमध्ये ओततो. दोन फूट लांबीचं स्टील 30 अंशांवरून 90 अंशांवर गेलं तर साधारण 0.6 मिलिमीटर वाढतं. सगळं सिंक इतकं तापत नाही, कड तर नाहीच, पण थोडं तरी हलतंच. कडप्पा तेवढ्याच उष्णतेला त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही, आणि तो तापतही नाही तितका. म्हणजे दिवसातून दोनदा स्टील सरकतं आणि दगड जागेवर राहतो. मधलं पांढरं सिमेंट ना ताणलं जातं ना दबतं, स्टीलला ते धड चिकटलेलंही नसतं. केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पाणी आत जातं, आतलं सिमेंट पोखरलं जातं, आणि पुढच्या वर्षी मिस्त्री पुन्हा येतो. एम-सील लावलं तरी तेच होतं, फक्त थोडं उशिरा. सिंकच्या कडेला लवचीक वस्तूच हवी.

पण नुसत्या लवचीक वस्तूनेही भागत नाही, आणि मिस्त्रीलोकांचं बहुधा इथेच चुकतं. तुमचं सिंक आतून 22 बाय 16 आणि 8 इंच खोल धरलं तर काठोकाठ भरल्यावर त्यात साधारण 45 लिटर पाणी मावतं, म्हणजे 45 किलो. वर बिडाचा तवा, कुकर, नारळाच्या रसाचं पातेलं. हे वजन सिलिकॉनने तोलायचं नसतं, खालच्या आधाराने तोलायचं असतं. सिलिकॉनचं काम फक्त पाणी अडवायचं. आधार नसलेलं सिंक भांडं ठेवलं की सूतभर खाली जातं, उचललं की वर येतं, आणि महागातलं महाग सिलिकॉनही दोन वर्षांत कडेने सुटतं. तुमच्या सिंकच्या तळाला खालून हात लावून वर ढकला. हललं तर तुमचा खरा आजार सापडला.

आता काढायचं कसं. पाण्याचा कॉक बंद करा, खालचा ट्रॅप आणि कपलिंग सोडवा. कपलिंगचा चेकनट, म्हणजे ते खालून आवळणारा नट, गंजून बसला असेल तर जोर करू नका, तो करवतीने कापा. नवीन कपलिंग तसंही घ्यायचंच आहे. मग सिंकखाली लाकडाचा ठोकळा आणि रंगाचा डबा ठेवून त्याला टेकू द्या. कडेचं सिमेंट जुन्या हॅकसॉच्या पात्याने सावकाश कापत चला, पातं हातात फडक्यात गुंडाळून. सिंकच्या पुढे आणि मागे कडप्प्याची जी दोन-तीन इंचांची पट्टी असते, तिच्यावर हातोडी, छिन्नी, पहार काहीही टेकवायचं नाही. पाऊण इंच जाडीचा कडप्पा दाबाला भक्कम, पण असा अरुंद तुकडा बाजूने तरफ दिली की काचेसारखा जातो. हे मी स्वतः शिकलोय. आचऱ्याच्या बाजूला एका घरी घाईत पहार लावली आणि पुढची पट्टी टकन मोडली. आजी दारातच उभी होती. "ह्यां काय केलंस रे मेल्या?" एवढंच म्हणाली. नवीन कडप्पा मी स्वखर्चाने टाकून दिला. तेव्हापासून पहार पिशवीतच राहते.

सिंक सुटलं की सरळ वर उचला. ओट्यात खाच पाडून काठ सपाट बसवला असेल, तसा त्या काळी बऱ्याच ठिकाणी बसवत, तर आधी खाचेतलं सगळं सिमेंट निघेपर्यंत थांबा.

बाहेर काढलेलं सिंक उन्हात नेऊन नीट बघा. तांबूस डाग दिसले म्हणून घाबरू नका. समुद्राच्या हवेत मीठ असतं, चांगल्या स्टीलवरही चहासारखे डाग येतात, ते वरवरचे असतात आणि भांड्याच्या साबणाने आणि मऊ स्पंजने बरेचसे जातात. नख फिरवल्यावर खड्डे लागले तर मात्र गंज आत शिरलाय. दोन जागा बारकाईने पाहा: कपलिंगच्या भोकाभोवती आणि वाडग्याच्या कोपऱ्यांत, जिथे पत्रा ओढून पातळ झालेला असतो. सिंक आभाळाकडे धरून खालून बघा. उजेडाचा ठिपका दिसला तर आईंची समजूत घालावी लागेल. लोक लोहचुंबक लावून "असली-नकली" ठरवतात, त्यात फारसा अर्थ नाही. 304 जातीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, ते चुंबकाला धरत नाही. पण ओढून वळवलेल्या कोपऱ्यात तेच स्टील थोडंसं धरतं. उलट 202 जातीचं हलकं स्टील, ज्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, तेही चुंबकाला धरत नाही. किनाऱ्यावर लवकर डागाळतं ते हेच. तुमचं सिंक पंचवीस-तीस वर्षं खाऱ्या हवेत टिकलंय, याहून मोठी परीक्षा नाही.

मग ते सपाट फरशीवर उपडं घाला. काठ चारी बाजूंनी टेकतो का ते बघा. कुठे फट दिसली तर खाली लाकडी फळी ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ करा. लोखंडी हातोडी नको. काठाखालचं जुनं सिमेंट आणि सिलिकॉन पूर्ण निघायला हवं. सिलिकॉन बऱ्याच गोष्टींना चिकटतं, पण जुन्या, मळलेल्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही, हे लक्षात ठेवा. पात्याने खरवडा, मग थिनरच्या फडक्याने पुसा, सुकल्यावर पुन्हा पुसा. थिनर वापरताना गॅस बंद आणि खिडकी उघडी.

कडप्प्याच्या बाजूचं सिमेंट काढायला कोणी ॲसिड सुचवेल. हात जोडून नाही म्हणा. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबू सांडलं की त्याच्यावर पांढुरका, चमक गेलेला डाग पडतो, तो तुम्ही लहानपणापासून बघितला असेल. तो डाग म्हणजे दगड खाल्ला गेलाय. आंबट पदार्थाने हे होतं तर ॲसिडने काय होईल? शिवाय ॲसिडची वाफ शेजारी ठेवलेल्या स्टीलवर बसून त्यालाही गंज चढवते. पातं आणि पॉलिश पेपर, एवढंच वापरा.

दगडाची कापलेली कड, म्हणजे भोकाची आतली उभी बाजू, खरबरीत असते आणि पाणी ओढते. ती पूर्ण सुकल्यावर तिच्यावर ॲरल्डाइटसारख्या एपॉक्सीचा पातळ हात मारा. कोपऱ्यात टवका उडाला असेल तर त्याच एपॉक्सीत कडप्प्याचीच काळी भुकटी कालवून भरा, दुसऱ्या दिवशी घासून सपाट करा. वीतभर अंतरावरून तो टवका ओळखूही येत नाही.

आता सुकवणं. सगळ्या कामाचा जीव यातच आहे, आणि कोकणात हेच अवघड. दगड वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो. परीक्षा सोपी आहे: हातभर प्लास्टिकचा तुकडा भोकाच्या कडेला सर्व बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव आलं असेल तर अजून ओल आहे. माघ-फाल्गुनात दोन दिवस पंखा लावला की काम होतं. आषाढ-श्रावणात आठवडा लावला तरी प्लास्टिकखाली दव असतंच, त्यात लाईट जाते ती वेगळीच. कोणी ब्लो-लॅम्पने सुकवून देतो म्हणाला तर करू देऊ नका, दगडाचे पापुद्रे उडतात.

म्हणूनच मला वाटतं, गणपतीआधी हे काम करू नये. लोकांचा समज असा की पावसात सिलिकॉन सुकत नाही. तसं नाही. सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळेच घट्ट होतं, पावसाळ्यात तर उलट लवकर. अडचण सिलिकॉनची नाही, ओल्या दगडाची आहे. ओल्या दगडावर ते घट्ट होतं, पण धरत नाही, काही महिन्यांत सालपटासारखं निघतं. आणि गणपतीत तुमच्या त्या सिंकवर काय गुदरणार आहे ते तुम्हालाच ठाऊक. पाच दिवस पाहुणे, मोदकपात्रं, सकाळ-संध्याकाळ भांड्यांचा डोंगर. नवीन सांध्याला याहून वाईट मुहूर्त नाही. आता एवढंच करा: खालचा वायसर बदला, सिंकला खालून तात्पुरता आधार द्या, फुटलेलं सिमेंट काढून फट पुसा आणि वरून पाणी अडवणारी चिकटपट्टी लावा. दिसायला ओंगळ, पण दिवाळीपर्यंत निभेल. खरं काम मार्गशीर्षात, नाहीतर थेट शिमग्याला आलात की.

आता सिलिकॉन कोणतं. दुकानात दोन जाती मिळतात. एकाला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते स्वस्त असतं आणि दुकानदार तेच पुढे करतो. काचेला ते उत्तम. कडप्प्याला नको, कारण घट्ट होताना त्यातून तेच आंबट ॲसिड सुटतं आणि आगळाचं उदाहरण वर दिलंच आहे. दुसरं न्यूट्रल. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, थोडं महाग पडतं. त्यातही बुरशीरोधक असलेलं घ्या, नाहीतर आपल्या हवेत वर्षभरात काळे ठिपके येतात. 280 मिलीची एक ट्यूब तुमच्या सिंकला पुरून उरेल. ट्यूबवरची तारीख बघून घ्या. छोट्या गावात दोन-दोन वर्षं पडून असलेला माल मिळतो आणि तो घट्टच होत नाही. आमच्याकडे काही जण कणकवलीहून किंवा कोल्हापूरहून मागवतात ते उगाच नाही.

आधी आधार. ओट्याखालच्या दोन्ही चिऱ्याच्या भिंतींवर टेकतील अशा कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाईटच्या दोन पट्ट्या आडव्या बसवा, सिंकचा तळ त्यांवर टेकेल इतक्या उंचीवर. कपलिंगसाठी मध्ये जागा सोडा. लोखंडी अँगल लावू नका, रंग दिला तरी समुद्राची हवा त्याला दोन-तीन पावसाळ्यांत खाते, आणि त्याचा गंज स्टीलच्या तळाला लागून तिथून खाणं सुरू होतं. स्टीलचे ब्रॅकेट मिळाले तर चांगलेच. तळ आणि पट्टी यांच्यामध्ये रबराचा तुकडा घाला, भांडी आपटताना आवाजही कमी होतो.

मग सिंक सिलिकॉन न लावता एकदा ठेवून बघा. चारी बाजूंनी सारखं बसतं का, डगमगतं का, उतार भोकाकडे आहे का. इथे घालवलेली पंधरा मिनिटं नंतर उपयोगी पडतात. सगळं ठीक असेल तर पेन्सिलीने बाहेरची रेघ मारा आणि त्या रेघेच्या बाहेर मास्किंग टेप लावा.

आता सिलिकॉन. कडप्प्यावर, रेघेच्या आत बोटभर अंतरावर, सलग एकच धार फिरवा, साधारण 6 मिलिमीटर जाड. कुठेही तुटू द्यायची नाही. तुटली तर तिथूनच पाणी जाणार. चार कोपऱ्यांवर हात सावकाश. जास्त म्हणजे चांगलं समजून काठाखाली अख्खी चादर पसरू नका. सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. वर स्टील, खाली दगड, हवा फक्त बाजूने. चादर पसरलीत तर आतलं आठवडाभर लोण्यासारखं राहील. चार बाजूंना काठाखाली आगपेटीच्या काड्यांचे तुकडे ठेवा, डोकं मोडून. सिंक वरून दाबलं की काडीच्या जाडीएवढा, दोन मिलिमीटरचा थर राहतो. स्टील अर्धा मिलिमीटर सरकलं तरी हा थर ताणून घेतो. सगळं सिलिकॉन दाबून बाहेर काढलं आणि कागदाइतका पापुद्रा उरला, तर तो फाटतो. हे बहुतेक मिस्त्री करत नाहीत, उलट सिंकवर उभे राहून दाबतात.

बाहेर आलेलं सिलिकॉन ओल्या बोटाने एका झटक्यात फिरवून गुळगुळीत करा. साबणाचं पाणी बोटाला चालेल, सांध्यात सोडू नका. टेप लगेच काढा, कातडी धरायच्या आधी. दुसऱ्या दिवशी काड्यांचे तुकडे उपटून ती भोकं सिलिकॉनने भरा.

दोन दिवस सिंक वापरायचं नाही. आईंना दोन दिवस मोरीत भांडी घासायला पटवणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत कठीण काम आहे, आणि त्यात मी तुमची काही मदत करू शकत नाही. माझ्या घरी मी सिंकमध्ये पाटा ठेवला होता, बायकोने तो उचलून बाजूला ठेवला.

कपलिंग नवीन, वायसर नवीन, वायसरखाली सिलिकॉनचा पातळ थर. चेकनट हाताने घट्ट आणि वर पान्याने पाव फेरा, जास्त नाही. खालचा नालीसारखा वळ्या-वळ्यांचा पाईप असेल तर तो बदलून सरळ पीव्हीसी लावा. वळ्यांत तेल आणि माशाचे खवले अडकतात. साधं पीव्हीसी साठेक अंशांच्या वर मऊ पडायला लागतं, म्हणून उकळती पेज ओतताना सोबत नळ सुरू ठेवायचा. सांध्यालाही तेवढाच कमी धक्का.

नंतरची निगा म्हणाल तर तारेची घासणी घरातून बाद. तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून गंजतात आणि लोक म्हणतात सिंक गंजलं. संडासाचं ॲसिड सिंकमध्ये कधीच नाही. सुक्या मासळीचं खारं पाणी, आगळाची बरणी धुतलेलं पाणी, हे ओतल्यावर लगेच साधं पाणी सोडा. मीठ आणि आंबट एकत्र आलं की स्टीलला सहन होत नाही. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा रात्री सिंक कोरडं पुसून ठेवलं तर बरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बूच लावून सिंक काठोकाठ भरा, दोन तास थांबा, मग एकदम सोडा. त्यानंतर तांब्याने कडेवर पाणी, चारी बाजूंनी. खाली पुन्हा तेच वर्तमानपत्र. ते आठवडाभर तिथेच राहू द्या, रोज सकाळी डोकावून बघा.